मान: शून्य ते चार

९ जानेवारी

ही वही डॉक्टरबाईंनी दिली. म्हणाल्या, "काका, क्लिप बघताना शंका येतील, त्या इथं लिहीत जा. आकड्यात मावत नाही ते." मी म्हटलं, शंका कसल्या? उभी जवानी रग्बीच्या स्क्रममध्ये, त्या डोक्याला डोकं लावून रेटायच्या घोळक्यात, काढलीय, मला मान कळते. त्या "हो का" म्हणाल्या आणि वही टेबलावर ठेवून गेल्या. वयानं माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण बाई ऐकून घेणारी नाही.

काम असं आहे. रग्बी संघटनेला यंदापासून मानेच्या दुखापती मोजायच्यात. त्याआधी ठरवायचंय की मोजायचं काय. दुखापत म्हणजे काय याची व्याख्या करायला पगार मिळतो, हे आमच्या जुन्या टीमला सांगितलं तर हसून हसून लोळतील. जुन्या सामन्यांच्या छोट्या छोट्या क्लिपा काढल्यात. चेहरे पुसट केलेत, पाठीवरचे नंबर पुसलेत. डॉक्टरबाई आणि मी वेगवेगळे बसून प्रत्येक क्लिपला आकडा द्यायचा. मधे पुठ्ठ्याचा आडोसा आहे, म्हणजे कॉपी नको. शून्य म्हणजे दुखापत नाही. एक, स्नायू. दोन, नस. तीन, मणका. चार, मज्जारज्जू. तक्ता समोर भिंतीवर चिकटवलाय.

खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे, त्यामुळे छत तिरकं. उठताना दोनदा डोकं आपटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही कितव्या नंबरची?" मी म्हटलं, शून्य.

१४ जानेवारी

व्याख्येवरूनच वाजलं. संघटनेचा मसुदा असा आहे: ज्या दुखण्यामुळे खेळाडू मैदान सोडतो किंवा पुढचा सामना खेळत नाही, ती दुखापत. सरळ आहे. उठला, खेळला, तर शून्य. डॉक्टरबाईंना ते मान्य नाही. त्रास झाला की दुखापत, मग तो खेळो नाहीतर न खेळो, असं त्यांचं म्हणणं.

आज एका क्लिपमध्ये एक गडी टॅकल करून, म्हणजे समोरच्याला कवेत धरून पाडून, उठतो, त्याचा डावा हात दोरीसारखा लोंबतो, तो तीन-चारदा झटकतो आणि पळत सुटतो. मी शून्य दिला. त्यांनी दोन.

"काका, त्याच्या नसेला झटका बसलाय."

"बाई, त्याला आम्ही करंट म्हणतो. येतो, जातो. मला आठवड्याला यायचा."

"आणि तुम्ही काय करायचात?"

"झटकायचो."

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि शाळेतल्या बाईंसारखं समजावलं. करंट एका हातात आला तर नस. दोन्ही हातांत आला तर नस नाही, मज्जारज्जू. मग त्या माणसानं मैदानात पाऊल टाकायचं नाही, तपासल्याशिवाय अजिबात नाही. मी म्हटलं, समजलं. पण मैदान सोडलं नसेल तर शून्यच. व्याख्या म्हणजे व्याख्या.

घरी कप फुटला. हातातून सटकला. साबण असणार.

१५ जानेवारी

फार थंडी. शर्टाची बटणं लागता लागत नाहीत. उशीर झाला.

२३ जानेवारी

लेकीबद्दल लिहायचं राहिलं. घरात तिला चिमणी म्हणतो. चिमणी ऐंशी किलोची आहे. मुलींच्या संघात पुढच्या फळीत मधोमध उभी राहते, म्हणजे स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचं वजन बरोब्बर तिच्या मानेवर. इकडून आठ, तिकडून आठ, डोक्यात डोकी अडकवून रेटारेटी, आणि मधे माझी चिमणी. मला खेळताना 'खांब' म्हणायचे, मीही पुढच्या फळीतलाच. आमच्या वेळचे लोक तिला बघून म्हणतात, अरे, ही तर खांबाचीच मान. मी म्हणतो, नाक आईचं, अक्कल देव जाणे कुणाची, पण मान माझ्यावर गेलीय. हे मी किती जणांना सांगितलं असेल याला हिशेब नाही.

यंदा संघ जोरात आहे. उपांत्य सामना जिंकला तर फायनल, आणि फायनलला राष्ट्रीय संघ निवडणारे येऊन बसतात. लेकीनं लहानपणापासून दुसरं काही मागितलेलं नाही.

आज सरावानंतर तिनं विचारलं, "बाबा, पडल्यावर रेफरी लगेच डॉक्टरला बोलावतात, त्याला काय करायचं?" मी शिकवलं. उठल्या उठल्या रेफरीकडे मान वळवायची आणि हसायचं. हसणाऱ्या माणसाला कोणी बाहेर काढत नाही. हात झटकायचा तो पळता पळता. तिनं स्वयंपाकघरात करून दाखवलं. हुबेहूब. बायको म्हणाली, "हे काय शिकवताय तिला?" मी म्हटलं, धंद्यातली गोष्ट आहे.

बायकोचं शिवणकामाचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात तिनं माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून आतून चिकटपट्ट्या लावल्या. वर बटणं नुसती शोभेला. मी विचारलं, ही कुठली नवी फॅशन? म्हणाली, "आहे एक." बरं झालं. सकाळी वेळ वाचतो.

२ फेब्रुवारी

माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा शंभर टक्के मिळाले. झालं असं की डॉक्टरबाईंनी आधीच्याच काही क्लिपा न सांगता पुन्हा मधे मधे घुसवल्या होत्या. माणूस स्वतःशी तरी सहमत आहे का, हे बघायची ही पद्धत. मी दोन्ही वेळा तेच आकडे दिले, एकही इकडचा तिकडे नाही. त्यांचे दोन ठिकाणी बदलले. मी म्हटलं, बाई, शिका काहीतरी.

त्या म्हणाल्या, "काका, एकसारखं चुकलं तरी शंभर टक्के येतात."

तेवढ्यात चहा आला. आता ऑफिसातही मला स्टीलचा मग देतात, कान असलेला. बाकी सगळ्यांना काचेचे कप.

संध्याकाळी पायऱ्या उतरताना पाय कुठं पडतोय ते नीट कळेना. कठडा धरून उतरलो. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

११ फेब्रुवारी

जिंकलो. फायनलला गेलो.

शेवटच्या दहा मिनिटांत स्क्रम कोसळला. सगळ्या एकेक करून उठल्या. चिमणी तोंडावर पडून राहिली. मला वाटतं फार वेळ नसेल. मग उठली, रेफरीकडे मान वळवली आणि हसली. मी वरून ओरडलो, शाबास! बाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले इतका ओरडलो.

घरी आली. केस बांधायला रबर घेतलं आणि ते तिला बोटांत धरता येईना. पुन्हा पुन्हा खाली पडत होतं. ती हसत होती. म्हणाली, "बाबा, आज मोठा करंट आला. दोन्ही हातांत गेला. पायसुद्धा कापसाचे झाले होते जरा वेळ. मला वाटलं मेले."

मी म्हटलं, "झटक, जाईल."

"गेला की. आता फक्त बोटं जरा बावळट झालीत." मग आई दुकानातून यायच्या आत पटकन म्हणाली, "कोणाला सांगू नकोस हं. कोचना नाही, त्या तुझ्या डॉक्टरबाईला तर अजिबातच नाही. फायनल झाली की दाखवीन, हवं तर सगळ्या हॉस्पिटलांना दाखवीन. घे शप्पथ."

घेतली.

तिचे केस मी बांधून देणार होतो. रबर माझ्याही हातातून पडलं. आम्ही दोघं हसलो.

१२ फेब्रुवारी

कामावर गेलो. क्लिपा बघितल्या. आकडे दिले. काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं हे कळत होतं. डबा तसाच परत आणला.

१४ फेब्रुवारी

तिला विचारलं, हात कसा आहे? म्हणाली, मस्त. भाजी चिरताना सुरी दोनदा बदलली, म्हणाली, धार नाही. धार होती. कालच लावून आणलीय.

आडोशापलीकडून डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, आज गप्प गप्प?" मी म्हटलं, घसा बसलाय. तक्ता माझ्या समोरच असतो. चारच्या ओळीवर नजर गेली की मी खिडकीकडे बघतो. खिडकीतून फक्त पार्किंग दिसतं. पांढरी गाडी, निळी गाडी, पुन्हा पांढरी.

स्वतःला सांगतोय की ती खेळली ना? मैदान सोडलं नाही ना? मग शून्य. लिहून ठेवलेली व्याख्या आहे, मी बनवलेली नाही.

१८ फेब्रुवारी

आज संघटनेच्या समितीची बैठक होती, व्याख्येवर मतदान. आकडे देणारे म्हणून डॉक्टरबाईंना आणि मलाही मत होतं. ही व्याख्या फायनलपासून लागू होणार. अध्यक्षांना जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं होतं.

डॉक्टरबाईंनी त्यांचं म्हणणं मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "खेळाडू उठला, खेळला, मग दुखापत कसली? उद्या कोणी शिंकला तरी लिहायचं का?" सगळे हसले. मीही हसलो. मग मत मांडायला चिठ्ठ्या वाटल्या. मसुदा मान्य असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "आमचे खांबसाहेब आहेत, त्यांनी आयुष्यभर मान दिलीय या खेळाला. ते सांगतील." मी बरोबरची खूण करायला पेन घेतलं. टोपण निघेना. दातांनी काढलं. पेन पडलं. उचलायला गेलो तर बोटांखालून घरंगळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं.

डॉक्टरबाई उठून माझ्या बाजूला आल्या. पेन उचलून दिलं नाही. म्हणाल्या, "काका, मूठ उघडा. मिटा. उघडा. पटापट."

मी करतच होतो. बोटं मागे राहत होती. करंगळी तर यायलाच तयार नाही, रुसलेल्या पोरासारखी. मग त्यांनी माझं मधलं बोट धरून त्याच्या नखाला टिचकी मारली. माझा अंगठा आपोआप उडाला. मी उडवला नव्हता. त्यांनी दुसऱ्या हातालाही टिचकी मारली. तोही उडाला.

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "दोन्ही हातांत आहे."

मी म्हटलं, थंडी आहे. खोलीत सगळे शर्टाच्या बाह्या दुमडून बसले होते. अध्यक्ष म्हणाले, "पण हे आता खेळाडू नाहीत, त्यामुळे व्याख्येत बसत नाहीत." ते मस्करी करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि गंमत म्हणजे मला पटलंही.

चिठ्ठी कोरीच राहिली, म्हणून मी मत तोंडानं दिलं. फुली म्हणालो. त्रास झाला की दुखापत. एका मतानं मसुदा पडला. असं का म्हणालो ते तेव्हा कळलं नाही. टेबलाखाली माझे दोन्ही हात मांडीवर पडले होते आणि मला ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते.

२० फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी पाठवलं. एमआरआयच्या मशिनमध्ये घातलं. ठकठक ठकठक. झोप लागली मला.

मणक्याचे सर्जन उंच आहेत, हळू बोलतात. बायको बरोबर होती. ते म्हणाले, मज्जारज्जू जातो ती मणक्यांमधली जागा काही माणसांना जन्मतःच अरुंद असते. साध्या माणसाचं काही बिघडत नाही, मरेपर्यंत कळतही नाही. पण स्क्रममध्ये डोकं घालणाऱ्याचं बिघडतं. आतला मज्जारज्जू बरीच वर्षं चेपला जातोय. ऑपरेशन लवकर करायचं. जेवढं गेलं तेवढं परत येईलच असं नाही, पण पुढचं थांबेल.

बायको म्हणाली, "कप फुटायला लागले तेव्हापासून मला वाटत होतं. विचारलं की खेकसतात." मग ती जमिनीकडे बघत बसली. मला तिच्या चिकटपट्ट्या आठवल्या. एवढे शर्ट तिनं कधी उसवले आणि कधी शिवले, मी विचारलंही नव्हतं.

सर्जननी विचारलं, "रक्ताच्या नात्यात आणखी कोणी खेळतं का? हे बऱ्याचदा घराण्यात असतं."

बायको म्हणाली, "लेक खेळते."

"तिची मान कशी आहे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्यावर गेलीय."

सवयच ती. बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. खोलीतला पंखा फिरत होता. मला भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, नीट. मी बायकोला तिथंच सांगितलं, दोन्ही हातांत करंट आला होता चिमणीच्या. तिनं उठून पर्स घेतली.

२१ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. मग तिच्या समोरच कोचना फोन लावला. नंबर बायकोनं दाबून दिला.

"शप्पथ घेतली होतीस तू!"

"घेतली होती."

"चार दिवस राहिलेत, बाबा. चारच दिवस. तू आयुष्यभर खेळलास, तुझं झालं. माझं काय? तू उभा आहेस ना अजून? चालतोयस ना?"

मी तिला मूठ उघडून-मिटून दाखवली. तिनं बघितलं नाही. मी म्हटलं, तूही करून दाखव. तिनं हात पाठीमागे घेतले. लहानपणी बिस्किटं लपवायची तशी उभी होती, भिंतीला टेकून.

"तुला काहीच कसं वाटत नाही?" असं ओरडली आणि खोलीत गेली. भीती वाटतेय असं मी म्हणालो, पण दार लागल्यावर.

२३ फेब्रुवारी

तिचेही फोटो आले. सर्जननी माझे आणि तिचे शेजारी शेजारी लावले. कुठले कोणाचे ते खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या नावावरून कळलं. तिचा मज्जारज्जू अजून वाचलाय, नुसता घाबरलाय असं म्हणाले. बोटं महिनाभरात येतील. पण स्क्रम नाही. टॅकल नाही. कधीच नाही. आणखी एकदा तशी पडली असती तर मानेखाली काहीच हललं नसतं, हे त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं.

ती म्हणाली, "बरं."

परत येताना गाडीत कोणी रेडिओ लावला नाही.

२५ फेब्रुवारी

फायनल. मी ऑफिसात बसलो होतो, डोक्यावर पायऱ्या धडधडत होत्या. धडधडीवरून कळत होतं काय चाललंय. आपला संघ जिंकला. तिच्या जागी जी खेळली ती चांगली खेळली म्हणे.

घरी आलो तर मैत्रिणींचा फोन चालू होता. चिमणी खणखणीत आवाजात अभिनंदन करत होती, हसत होती, जिंकलेल्या कपमधून काय पिताय विचारत होती. फोन ठेवला आणि आवाज बंद झाला, नळ बंद करावा तसा. माझ्या अंगावरून निघून गेली. मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

२ मार्च

पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन. तोवर उरलेल्या क्लिपा संपवायच्यात. मला कीबोर्डवर नेमकं बटण दाबता येत नाही, एकाऐवजी दोन दाबली जातात. गाडीही चालवता येत नाही. म्हणून आईच्या हुकुमावरून चिमणी मला सोडते आणि शेजारी बसून आकडे दाबते. डॉक्टरबाईंनी परवानगी दिलीय. मी म्हणतो, "दोन." ती दोन दाबते. मी म्हणतो, "एक." ती एक दाबते. गेले काही दिवस आमच्यात एवढंच बोलणं आहे. दुसरं ती माझ्याशी काहीच बोलत नाही. जुन्या सगळ्या शून्यांवरून पुन्हा एकदा जायचंय, नव्या व्याख्येनं. बरेच शून्य आता शून्य राहिले नाहीत.

आज डॉक्टरबाई येऊन म्हणाल्या, "काका, आता एक येईल ती मोजणीत धरणार नाही. नियमात बसत नाही. पण तुम्ही दोघांनी बघावी असं मला वाटतं. नको असेल तर पुढे न्या." आणि आडोशामागे न जाता त्या बाहेरच गेल्या, चहाला म्हणून.

क्लिप लागली. स्क्रम कोसळतो. एकेक करून उठतात. एक पडून राहते. मग हाताच्या कोपरांवर उठते. पंजे लोंबतायत. चेहरा पुसलेला, नंबर पुसलेला. रेफरीकडे मान वळवते. हसणं दिसत नाही, पण मान वळवायची ती ढब मला कुठंही ओळखू येईल. मग पळत पळत हात झटकते. एक नाही, दोन्ही.

क्लिप संपली आणि पडद्यावर रिकामा चौकोन आला, आकड्यासाठी. मी तक्त्यावरची चारची ओळ बघितली आणि खिडकीकडे वळलो. चिमणी वाट बघत होती. बोट कीबोर्डच्या वर धरलेलं. मग तिनं क्लिप मागे नेली आणि पुन्हा लावली. पुन्हा ती पडली, पुन्हा उठली.

"हे तू शिकवलंस," ती म्हणाली.

"हो."

"वरून शाबास ओरडलेला तूच ना? मला ऐकू आलं होतं. पाय लागत नव्हते खाली, आणि ते ऐकू आलं."

"मीच."

तिनं डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं ओढलं. तिचं बोट थोडं थरथरत होतं, अजून पूर्ण आलेलं नाही. माझ्याकडे न बघता तिनं चार दाबला, नीट, एकदाच. चौकोनात आकडा उमटला. दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"पुढची घेऊ?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, घे.